मावशीची पिन

चिंचवड स्टेशनच्या जरा अलीकडे एका म्हशीने रस्ता ओलांडायचं मनावर घेतलं आणि ड्रायव्हरने ब्रेकवर असा काही पाय दिला, की बसमधली साठ माणसं एकदम नमस्काराला वाकल्यासारखी पुढे झुकली. हरिहर निसळ नुसता झुकून थांबला नाही. दांडीवरचा हात सुटला, चष्मा नाकावरून ओठावर आला, आणि तो शेजारच्या बाकावरल्या माणसाच्या मांडीवरच्या गोणपाटावर गुडघ्यासकट जाऊन आदळला. गोणपाटात लोखंड होतं. गुडघ्यातली कळ थेट अक्कलदाढेपर्यंत गेली. "सांभाळा, सायब," गोणपाटाचा मालक म्हणाला, "आतला माल मापात हाय. तुमचा हात लागून फरक पडायचा." चष्मा अजून ओठावरच होता, तरी हरिहरला आवाज कळला. या आवाजाच्या वाटेला जायचं नाही म्हणून चौदा वर्षांत त्याने बसचा थांबा बदलला होता, दसऱ्याला सोनं द्यायला जायची घरं बदलली होती, आणि एकदा रंगराव टेमगिरे समोरून येताना दिसला म्हणून हाताशी लागलं त्या न्हाव्याच्या दुकानात शिरून गरज नसताना मिशी उतरवून घेतली होती. त्या संध्याकाळी अरुंधतीने दार उघडून स्वतःच्या नवऱ्याला "कोण पाहिजे?" असं विचारलं होतं, आणि पुढे आठवडाभर ती त्याला पाहुण्यासारखं आग्रह करकरून वाढत होती.

"ओ काका, उठा की आता," मागून कुणीतरी ओरडलं. "जागा पाहिजे तर मागून घ्या, मांडीवर काय बसता माणसाच्या!" बसभर हसू पसरलं. रंगराव हसला नाही. त्याने गोणपाट पोटाशी ओढलं आणि हरिहरला उठायला हात मात्र दिला नाही. "मावशी मोडीत निघाली म्हनं," तो म्हणाला. हरिहर दांडी शोधत होता. "मुंबईला गोदीत गेलतो मी. आमच्या वर्कशापचं नाव लावाया. लहान-सहान कामं देत्यात आता ते बाहेर. तिथला सायब म्हनला, टेमगिरे, त्या जहाजाचा इतिहास येतोय तुमच्या जुन्या कंपनीकडनं. त्यात तुमचं नाव कसं येतंय ते बघू, मंग ठरवू." त्याने मान वर केली. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, डोळे नव्हते झाले. "म्हंजी आता माजं वर्कशाप तुमच्या टाकाच्या टोकाला लटकतंय." हरिहर म्हणाला, "मी नुसता कारकून आहे." "तवाबी कारकूनच व्हता की," रंगराव म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. म्हैस पलीकडे पोचली होती आणि आपण काय करून ठेवलंय याची तिला दादही नव्हती.

हरिहर दोन थांबे आधीच उतरला आणि लंगडत चालू लागला. माज बघा, तो मनात म्हणत होता, माज बघा हलकटाचा. नोकरीवरून काढला तरी वाकला नाही. काळेवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ टाकून बसला आणि आकुर्डीच्या कारखान्यांची बारीकसारीक कामं डोक्यावरून वाहायला लागला, तरी बोलणं मालकाचं. हरिहरला त्याच्या एकेका गोष्टीचा राग होता. मिशांचा, खांद्यावरल्या पंच्याचा, लोखंडावरून फिरणाऱ्या त्या जाड काळ्या बोटांचा. ती बोटं डोळे मिटून सांगायची, हे दोन थाऊ जास्त आहे, हे तीन थाऊ कमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढासा फरक देवालासुद्धा भिंगातून बघावा लागत असेल, आणि हा मावळातला, चौथी नापास माणूस बोटाने सांगणार आणि तो बरोबर निघणार. त्या बोटांचा हरिहरला सगळ्यात जास्त राग होता. ज्याचं आपण वाईट केलेलं असतं त्याचा राग करणं फार सोपं जातं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण कळण्याने राग कमी होत नाही, उलट त्याला धार येते, हेही चौदा वर्षांत त्याच्या लक्षात आलेलं होतं.

मावशी म्हणजे नौदलाचं एक जुनं रसदवाहू जहाज. तिचं खरं नाव आणि नंबर फायलीवर होता, पण कारखान्यात तिला मावशीच म्हणत, कारण ती स्वतः लढायची नाही, बाकीच्यांना भर समुद्रात खाऊपिऊ घालत फिरायची. ती कुठल्याशा परक्या देशातून जुनी घेतलेली. तिला बनवणारी कंपनी बुडालेली, नकाशे हरवलेले. तिच्या सामान उचलायच्या रहाटाच्या मुख्य पिना हा कारखाना चौसष्टपासून करून देत होता. हातभर लांबीची, मनगटाएवढी जाड पोलादी पिन. बाकी सगळं जहाज हरिहरने पाहिलेलं नव्हतं. अडुसष्ट साली कागद पोचवायला तो गोदीच्या फाटकापर्यंत गेला होता आणि लांबून एका करड्या जहाजाची मागची बाजू त्याला दिसली होती, तीही मावशीचीच होती की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. पण घरी येईपर्यंत त्या मागच्या बाजूला अख्खं जहाज फुटलं होतं. कप्तानाने आपल्याला आत बोलावलं, आपल्याच चाकणचा कांदा चिरून घातलेलं आमलेट खिलवलं, आणि ज्या रहाटाने तो कांदा इतर जहाजांवर जातो त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, निसळसाहेब, हा तुमच्या पिनेवर उभा आहे. चित्रा तेव्हा सात वर्षांची होती. तिने शाळेत 'माझ्या बाबांचे जहाज' असा निबंध लिहिला आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. पुढे दरवर्षी हरिहरला मावशीच्या नव्या गोष्टी रचाव्या लागल्या. एकदा ती वादळात तीन दिवस उलटी तरंगली. एकदा तिच्यावरचे बटाटे खाऊन एका देवमाशाला पडसं झालं. रचता रचता त्याला त्या आठवू लागल्या होत्या.

"निसळ, या," उद्धवराव म्हणाले. त्यांचे वडील गेल्यापासून कारखाना तेच बघत. "मावशीचं तेरावं घालायचंय. नौदलाचं पत्र आलंय. आपण दिलेली एकूणएक पिन, कधी दिली, किती टिकली, का बदलली, सगळं एका ठिकाणी स्वच्छ अक्षरात पाहिजे. नव्या जहाजाचं काम कुणाला द्यायचं ते त्यावर ठरणार आहे." हरिहर म्हणाला, "कार्डं तयार आहेत माझी." "कार्डं तयार असणारच हो. पण त्यांचा एक प्रश्न आहे." उद्धवरावांनी पत्र त्याच्याकडे सरकवलं. सहासष्टच्या दिवाळीपर्यंत दिलेल्या पिना दोन-दोन वर्षं टिकल्या, त्यानंतरच्या चार-चार महिन्यांत गेल्या. कारण कळवावे. पत्राला टाचलेला मसुदा उद्धवरावांनी स्वतः लिहिला होता. रंगराव टेमगिरे या टर्नरने मापं न पाळता केलेल्या सदोष पिना चांगल्या मालात मिसळल्या गेल्यामुळे असे घडले. सदर कामगारास सदुसष्ट साली कामावरून दूर करण्यात आले आहे. "पण सदुसष्टनंतरच्या पिना त्याने केलेल्याच नाहीत," हरिहर म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. "तारखा कोण ताडून बघतं?" उद्धवराव म्हणाले. "एक नाव दिलं की साहेब लोकांचं समाधान होतं. खाली सही तुमची. रेकॉर्ड तुमचं, तेव्हा सहीही तुमचीच शोभेल. आणि हो, मार्चमध्ये तुम्ही रिटायर होताय ना? दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद माझ्या खणात आहे. उद्या दहापर्यंत हे द्या, म्हणजे दोन्ही एकदमच उरकू."

तो आपल्या टेबलाशी आला, कार्डं काढली, फाउंटनपेनात, त्याला तो अजून टाकच म्हणे, शाई भरली आणि लिहायला बसला. पहिल्या सहा पिना. प्रत्येकीपुढे दोन वर्षं, सव्वादोन वर्षं, दोन वर्षं. त्या सहा रंगरावने केल्या होत्या, बिल्ले बदलायच्या आधी. बिल्ले हा शब्द मनात आला की हरिहरच्या नाकात हळदीचा वास यायचा, आजही आला. नौदलाने मापासाठी दोन पिना पाठवल्या होत्या. एक कोरी, मावशीच्या कोठारातली शेवटची, कारखान्यात जपून ठेवायची आणि तिच्याबरहुकूम माल करायचा. दुसरी वापरून झिजलेली, कुठे झिजते ते बघून परत करायची. दोघींना पितळी बिल्ले, चामड्याच्या वादीने बांधलेले. डोळ्यांना दोघी जुळ्या बहिणी, फरक फक्त बारा थाऊंचा. सहासष्टची खंडेनवमी. सगळी मशिनं रॉकेलने धुतलेली, भिंती पुसून काढलेल्या, झेंडूची फुलं, उदबत्त्या, आणि पाटावर हत्यारांच्या शेजारी मानाने मांडलेल्या त्या दोन पिना. एरवी भटजी यायचे, त्या वर्षी ते तापाने झोपले म्हणून मोठे शेठ, उद्धवरावांचे वडील, म्हणाले, निसळ, तुम्ही उरका. हरिहरने वाद्या पाहिल्या. चामडं पूजेत कसं चालेल? त्याने बिल्ले सोडून खिशात टाकले, पिनांना तेल-हळद-कुंकू लावलं, आणि जे काय येत होतं ते म्हणायला सुरुवात केली. मध्येच रंगरावचा आवाज आला. "अवो निसळ, ही तर मंगलाष्टकं! लेथाचं लगीन कुनाशी लावताय?" कुणीतरी म्हणालं, "ड्रिलमशीनशी! गुण जुळत्यात दोघांचं!" आणि मग जी हसली माणसं, मोठे शेठसुद्धा उपरण्यात तोंड घालून हसले. हरिहरने अक्षता टाकल्या. त्याचे कान पेटले होते. त्या क्षणी त्याने ठरवलं की या माणसाशी आपण पुन्हा कामाशिवाय बोलायचं नाही.

आणि तेच नडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पिना पुढ्यात होत्या, हळदीने माखलेल्या, आणि खिशात दोन बिल्ले. कुठली कुठली? रंगराव दहा पावलांवर उभा होता. एक हाक मारली असती तर त्याने बोटाने सांगितलं असतं. हरिहरने हाक मारली नाही. त्याने पिना पुसल्या, प्रकाशात धरल्या, जी जरा जास्त चकाकली तिला नवी ठरवलं आणि बिल्ले बांधले. वापरून वापरून लोखंडालाही चकाकी येते हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुसरी पिन त्याच दुपारी ट्रकने मुंबईला परत गेली, आणि झिजलेली म्हणून भंगारात किलोवर विकली गेली. नौदलाजवळची शेवटची खरी पिन कुठल्या तरी फाटकाची कडी होऊन बसली असेल. उरलेल्या पिनेवरून कारखान्याने तपासणीची कडी बनवली. जी पिन त्या कडीतून जाईल ती पास. रंगरावच्या पिना कडीत शिरेनात. बारा थाऊ जाड, बारा थाऊ जाड, सगळ्या नापास. तो चिडला, त्याने सगळ्या खात्यासमोर कडी जमिनीवर आपटली. "मास्टर खोटा हाय! खरी पिन परत धाडली तुमी! माझ्याकडं माप लिवलेलं व्हतं लेथामागं भिंतीवर, खडूनं!" भिंत खंडेनवमीला पुसलेली होती. "डोक्यातलं माप मी नौदलाला पाठवू होय रे?" उद्धवराव म्हणाले होते, आणि मग वळून, "निसळ, बिल्ले तुम्ही बांधलेत. खात्री आहे ना?" सगळं खातं बघत होतं. रंगरावही बघत होता, आणि त्याच्या बघण्यात राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. हरिहरच्या कानात अजून ते हसू होतं. तो म्हणाला, "खात्री आहे." दोन शब्द. जानेवारीत रंगरावला फाटकाबाहेर काढलं, आणि वॉचमनला सांगितलं की याला पुन्हा आत सोडायचं नाही.

टाक चालत होता. पिन बदलली, चार महिने. पिन बदलली, साडेतीन महिने. पिन बदलली. नवा टर्नर मुकाट्याने कडीप्रमाणे बारीक पिना करायचा, त्या रहाटात खुळखुळायच्या, घासायच्या, चार महिन्यांत जायच्या, की पुन्हा ऑर्डर. मावशीएवढं गिऱ्हाईक कारखान्याला दुसरं नव्हतं. उद्धवराव हसून म्हणायचे, काय भूक आहे हो हिला पिनांची! आणि 'चोख नोंदी' म्हणून हरिहरला एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं होतं. एकोणसत्तर साली जुनी फाईल लावताना गोदीचं पहिलं पत्र हाती लागलं, त्यात नव्या पिनेचं वजन होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसलेले असताना हरिहरने मास्टर पिन डिस्पॅचच्या काट्यावर ठेवली. काटा पन्नास ग्रॅम अलीकडे थांबला. त्याने पिन काढली, पुन्हा ठेवली. काटा तिथेच. त्याने ती पेटीत घातली, सुतळी बांधली, हात धुतला आणि पोळीभाजी खाल्ली. भाजी कारल्याची होती हेही त्याला आठवत होतं. आणि त्या दिवसापासून त्याला रंगरावचा खरा राग येऊ लागला, कारण आधी तो माणूस नुसता उद्धट होता, आता तो बरोबरही होता.

दुपारी तीनच्या सुमारास तो चौऱ्याहत्तरच्या कार्डाशी आला. गोदीच्या तारेतले शब्द त्याने तेव्हाच उतरून घेतलेले होते. भर समुद्रात सामान देताना पिन तुटली. दोर सुटला. एका खलाशाचा उजवा हात गेला. पिन बदलली. टाक थांबला. कागदावर शाईचा थेंब फुगत गेला आणि तो नुसता बघत राहिला. त्या दिवशी, ही तार ज्या दिवशी आली त्या दिवशी, रात्रीच्या जेवणाला चित्राने विचारलं होतं, बाबा, आज काय म्हणाली मावशी? आणि तो म्हणाला होता, अगं, आज एका खलाशाने भर समुद्रातून तुझ्या बापाला सलाम पाठवलाय. असा, उजवा हात वर करून. त्याने तो हात करूनही दाखवला होता. वरणाने माखलेला, स्वतःचा. चित्रा टाळ्या पिटत होती. आत्ता, सात वर्षांनी, टेबलाशी बसून त्याला आपल्या उजव्या हाताची बोटं एकेक करून दिसू लागली. ती टाक धरून होती. वर्कशॉपमधून लेथांची घरघर येत होती आणि तिच्यात कुठेतरी, ऐकू येऊ नये इतक्या खाली, काहीतरी खुळखुळत होतं. मुडदा बसवला त्या रंगरावचा, तो पुटपुटला. का बोलला हा बसमध्ये? चौदा वर्षं गप्प होता, अजून दोन महिने गप्प राहिला असता तर काय बिघडत होतं? आता याच्या तोंडावर एकदाच फेकायचं जे काय आहे ते, म्हणजे हा माझ्या डोक्यातून उठेल. असल्या रागाने त्याने नवा कागद घेतला, उद्धवरावांचा मसुदा बाजूला सारला, आणि कारणाच्या रकान्यात एका दमात लिहून काढलं. खंडेनवमीच्या पूजेनंतर पिनांवरील बिल्ल्यांची अदलाबदल झाली, त्यामुळे पुढील सर्व पिना झिजलेल्या नमुन्याप्रमाणे बनल्या. वाचून त्याला जरा बरं वाटलं. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असंही वाटलं. रंगराव रडेल, त्याला वाटलं. पाय धरील. धरू दे.

साडेपाचला सुटून तो काळेवाडीला गेला. शेडमध्ये लेथ चालू होतं. दारातल्या बाजेवर भिमाबाई, रंगरावची बायको, मिरच्या निवडत बसली होती. तिने हरिहरकडे पाहिलं आणि पुन्हा मिरच्यांकडे. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. हरिहरने खिशातून कागद काढून पुढे धरला. रंगरावने मशीन बंद केलं नाही, नुसतं कापणारं हत्यार मागे घेतलं. "वाचा," तो म्हणाला. हरिहरने घरघरीच्या वर आवाज चढवून वाचलं. वाचून झाल्यावर वाट बघितली. रंगराव चिंधीने हात पुसत होता. "अदलाबदल झाली," तो म्हणाला. "व्हय का? वारा आलता?" "म्हणजे काय?" "न्हाई, बिल्लं काय आपलं आपन उठून हिकडचं तिकडं गेलं? का लेथाच्या लग्नात वऱ्हाडी म्हनून फिरत व्हतं?" भिमाबाई मिरचीचा देठ तोडत म्हणाली, "कुनी केलं त्ये लिवायला शाई सरली असंल." हरिहरच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं करून वर हे. त्याला कागद फाडून टाकावासा वाटला, आणि तो फाडायला त्याने तो दोन्ही हातांत धरलाही. मशीनवर एक नुकतीच कातलेली पिन गरगर फिरत होती, इतकी सरळ की ती फिरते आहे हे दिसतही नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कागद लेथच्या काळ्या, तेलकट पाठीवर ठेवला, खिशातून टाक काढला आणि खाली लिहिलं, वाचत वाचत, कारण गप्प लिहिण्याचं धाडस नव्हतं. "बिल्ले मी बांधले. चुकीचे बांधले. विचारलं तेव्हा खात्री आहे असं खोटं सांगितलं. टेमगिरे यांच्या पिना मापात होत्या." इथे थांबता आलं असतं. रंगरावला पुढचं ठाऊकच नव्हतं. पण टाक पुढे गेला. "हे मला एकोणीसशे एकोणसत्तरपासून वजनावरून माहीत आहे." सही.

रंगरावने हात लांब करून मशीन बंद केलं. घरघर विरत गेली. "किती सालापासनं?" त्याने विचारलं. "एकोणसत्तर." "मंजी चुकून केलं आसंल आसं मी जे धरून बसलोय," रंगराव हळूच म्हणाला, "चौदा वर्सं मी माजं मलाच समजावतोय, भट हाय, लोखंडातलं काय कळतंय त्येला, चुकलं आसंल. आन तुमी बारा वर्सं..." हरिहरला वाटलं हा मारणार आता, आणि मारलं तर बरं होईल. मारलं नाही. भिमाबाई उठली, सूप खाली ठेवून. "काढलं त्या सालाला," ती म्हणाली, "ह्यास्नी मी घरात एकलं सोडत नव्हते. दोर, इळा, रॉकेल, समदं शेजारी नेऊन ठिवलं व्हतं. पानी आनाया जायाचं तरी हात धरून संगं न्यायचे, ल्हान लेकरावानी. ह्ये बी लिवा त्यात." हरिहर उभा राहिला. लिहायला हात उचलेना. रंगरावने कागद उचलला, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, मग घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. "सकाळी मीच आनून देतो कंपनीत," तो म्हणाला. "तुमच्याजवळ ठिवला तर उजाडूस्तवर बिल्लं बदलत्याल. जावा आता."

सकाळी हरिहर आठलाच टेबलाशी होता. पुढ्यात उद्धवरावांचा मसुदा, सही नसलेला. खिडकीतून फाटक दिसत होतं. नऊला रंगराव आला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, पायात नव्या चपला. वॉचमन कोंडीरामने काठी आडवी धरली. ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते स्पष्ट होतं. चौदा वर्षांपूर्वीचा हुकूम कुणी मागे घेतलेला नव्हता. रंगराव बोलत होता, कोंडीराम मान हलवत होता. हरिहर खिडकीशी उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात एक फार थंड, फार सोयीचा विचार आला. काढलेल्या कामगाराच्या खिशातला कागद म्हणजे काय? काहीच नाही. तेलाचे डाग पडलेला, अक्षर कुणाचंही. माझं नव्हेच, म्हटलं की संपलं. मसुद्यावर सही करायला अर्धं मिनिट, खणात मुदतवाढ, आणि फाटकावरचा माणूस ऊन चढलं की आपोआप निघून जाईल. हे असंच थोडा वेळ इथे उभं राहायचं, इतकंच. काहीही करायचं नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपण अशीच केली होती, हाक न मारून. खाली कोंडीरामने रंगरावच्या छातीला काठी लावली आणि रंगराव एक पाऊल मागे सरला. त्याने वर पाहिलं नाही. तो वर पाहील म्हणून हरिहर वाट बघत होता. पाहिलं असतं तर त्याचा राग करता आला असता.

जिन्यावरून खाली येताना हरिहरला धाप लागली. वर्कशॉपमधून तो जवळजवळ पळतच गेला, दोघा-तिघांनी हातातलं काम सोडून पाहिलं. "कोंडीराम, सोड त्यांना." "सायब, हुकूम हाय." "माहीत आहे. माझ्यामुळेच झालेला हुकूम आहे तो. सोड." "मंग वहीत लिवावं लागंल. कुनी आनलं, कशापायी." हरिहरने वही घेतली. 'कोणी आणले' खाली स्वतःचं नाव लिहिलं. 'काम' खाली टाक क्षणभर रेंगाळला, मग लिहिलं, 'निसळ यांचा खोटेपणा सांगणे'. कोंडीरामने वाचलं, ओठ हलवत, पुन्हा वाचलं, आणि काठी बाजूला घेतली. रंगरावने चौदा वर्षांनी फाटकातून आत पाऊल टाकलं. आभार मानले नाहीत, हरिहरकडे बघितलं नाही. वर्कशॉपमधून जाताना फक्त आपल्या जुन्या लेथापाशी एकदा थांबला, तिथल्या माणसाने गडबडून "रंगराव, तुमी?" म्हटलं, आणि रंगराव "कडी फेकून दे ती" एवढंच म्हणून पुढे झाला. जिन्याच्या पायथ्याशी हरिहरने अदबीने हात केला, की तुम्ही पुढे चला. रंगराव हलला नाही.

"तुमी म्होरं व्हा," तो म्हणाला. "मागं ठिवलं तर वर पोचंस्तवर मी एकलाच उरंन."

हरिहर पुढे झाला. मागून नव्या चपलांचा करकर आवाज त्याच्या प्रत्येक पायरीला एक पायरी धरून येत होता. दाराच्या काचेतून उद्धवराव खणातून काहीतरी काढताना दिसले. हरिहरने दार ढकललं.